गोठलेल्या तळ्यावरचा संघ

मल्लेश्वरमचा सँकी तलाव कधी गोठत नाही. लेहचे करझू तळे मात्र हिवाळ्यात गोठते आणि त्यावर आइस हॉकी रंगते. लष्कराच्या लडाख स्काउट्सचा संघही या खेळात नावाजलेला आहे.

या खेळात दोन्ही संघांचे सहा-सहा खेळाडू बर्फावर असतात. चेंडूऐवजी रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. तिचे वजन सुमारे १६० ग्रॅम.

भारतीय महिला संघ २०१६ मध्ये तैपेईला पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. बहुतेक खेळाडू लडाखच्या तरुण मुली होत्या. खर्चासाठी लोकवर्गणी काढावी लागली. सरावाला नैसर्गिक बर्फ जेमतेम दोन महिने मिळे. तिथे एकही विजय मिळाला नाही. पुढच्याच वर्षी बँकॉकला फिलिपिन्सला ४-३ असे हरवून त्यांनी पहिला विजय मिळवला. २०२५ मध्ये आशिया चषकात कांस्यपदकही आले.

पावसाने चार दिवस मैदान बंद झाले की आपण कुरकुरतो. त्या मुलींचे मैदान वर्षातले दहा महिने वितळलेले असे. मिळालेला प्रत्येक दिवस वापरायचा, एवढेच त्यांच्या हाती होते. आपल्याही हाती तेवढेच आहे.