कढीपत्त्यावरच्या अळ्या

प्रश्न : बाल्कनीतल्या कुंडीत चार वर्षांचा कढीपत्ता आहे. पावसाळ्यापासून त्याची कोवळी पानं फस्त होताहेत. पानांवर चिमणीच्या शिटेसारखं काहीतरी दिसतं. घरात मांजर असल्याने औषध फवारायला धजावत नाही. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : फवारलं नाहीत, फार चांगलं केलंत. परमेथ्रिनसारखी कीटकनाशकं मांजराच्या जिवावर बेततात; अंग चाटता चाटता ती पोटात जातात. आणि तुम्हाला दिसते ती शीट नाहीच, फुलपाखराची अळी आहे! पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून तिने घेतलेलं ते सोंग. मोठी झाली की ती पानासारखी हिरवीगार होते. काडीने हलकेच डिवचून पाहा : डोक्यामागून लालसर, दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. लिंबू आणि कढीपत्ता एकाच कुळातले, त्यामुळे दोन्हींवर या अळ्या पोसतात. २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं नीलवंतही याच गोतावळ्यातलं.

तुमचं झाड जुनं आहे, पानं गेली तरी पुन्हा फुटेल. रोज सकाळी कोवळे शेंडे उलटसुलट करून पाहा. मोहरीहून लहान, पिवळसर अंडी दिसली तर ते पान खुडा. अळ्या जास्त असतील तर पानासकट उचलून जवळपासच्या मोठ्या लिंबावर सोडा. एका फांदीवर मात्र दोन-तीन राहू द्या. फोडणीला पुरेल एवढा कढीपत्ता तुम्हाला उरेलच.