गाड्या बंद झाल्या तेव्हा

आपले शेळगाव इंदापूर तालुक्यातले. एका अंगाला इंदापूर, दुसऱ्या अंगाला बारामती. मोठा दवाखाना लागला की आपण बारामती गाठतो, त्याहून मोठा लागला तर पुणे. एस. टी. धरली की झाले.

२०२० साली करोनाची साथ आली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली आणि एस. टी. थांबली. त्या आषाढात तुकोबांची पालखीही आपल्या वाटेने पायी गेली नाही. पादुका एस. टी.तून पंढरपूरला नेल्या.

साथीत सगळ्यांचेच हाल झाले. पण ज्या पोरांचे उपचार वरचेवर चालू होते, त्यांचे नुकसान लवकर दिसले नाही. ताप आला तर सारे घर जागे होते. पाय आखडत चालला तर कोणाला कळते?

आता असे पाहा. काही मुलांचे पाऊल जन्मतःच आत वळलेले असते. त्यावर चांगला इलाज आहे. तान्हेपणी हाडे कोवळी असतात. डॉक्टर दर आठवड्याला पाऊल थोडे थोडे सरळ करून प्लॅस्टर घालतात. अशी पाच-सहा प्लॅस्टरे लागतात. पुष्कळांची टाचेमागची शीर थोडी मोकळी करावी लागते. मग पट्टीने जोडलेले बूट. पहिले तीन महिने जवळजवळ दिवसरात्र, पुढे पोर चार वर्षांचे होईतो झोपताना. बूट सुटले की सरळ झालेला पाय परत वळू लागतो. टाळेबंदीत पोर वाढले, बूट मात्र तेवढाच राहिला! नवा आणायचा कुठून?

मेंदूला इजा झालेल्या पुष्कळ मुलांचे स्नायू ताठ असतात. हातपाय रोज ताणले नाहीत तर सांधे आखडतात. फिटच्या गोळ्या एकदम तुटल्या तर फिट जोराने येतात. थॅलेसिमियाच्या मुलाला दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. साथीत रक्तदानही कमी झाले.

दवाखान्यात गेलो तर करोना चिकटेल, ही भीती काही खोटी नव्हती. आईबापांना बोल लावण्यात अर्थ नाही. पण व्यायाम दवाखान्यातच होतो, ही समजूत आपण सोडावी. शिकवणारी ताई कधीमधी भेटते. आई, आजी रोज जवळ असतात. म्हणून तिथे गेलो की म्हणावे, “ताई, आता माझ्या हाताने करून बघते. चुकले तर सांगा.” बापानेही शिकावे, हे एकट्या बाईचे काम नव्हे. पोराला दुखले तर हिसका देऊ नये, थांबावे. डॉक्टरांना विचारून पंधरा दिवसांच्या गोळ्या जादा ठेवाव्यात. गोळीचे नाव आणि दवाखान्याचा फोन वहीत लिहावा. आता आपल्याला लिहिता येते ना?

आणखी एक. २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला. संकटकाळी त्यांना इतरांसारखेच संरक्षण मिळावे, असे त्यात आहे. जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ठेवायची आहे. आपल्या पोराचे नाव त्यात आहे का, ते ग्रामपंचायतीत विचारावे. नसेल तर अर्ज करावा. अर्जाची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी आणि तिच्यावर पोच घ्यावी.