हौशी रेडिओचा मनोरा : उभारणी व निगा

(सामान्य विज्ञान : शिक्षकांसाठी पाठ)

प्रस्तावना : दि. २२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीने महाड शहर जलमय झाले व तळिये गावावर दरड कोसळली. अशा प्रसंगी वीज व दूरध्वनी बंद पडले, तर बॅटरीवर चालणारा हौशी रेडिओ उपयोगी पडतो. तो चालविण्यास शासकीय परवाना लागतो.

तत्त्व : १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील लहरी बहुधा सरळ रेषेत जातात, डोंगर आड आला की अडतात. वरंधसारख्या घाटपायथ्याच्या गावी एरियल उंचावर नेणे अगत्याचे असते. एरियल अर्ध्या मीटरची कांबही असू शकते. तिला उंची देणे हे मनोऱ्याचे कार्य होय.

उभारणी : विजेच्या तारांपासूनचे अंतर मनोऱ्याच्या उंचीहून अधिक असावे, म्हणजे तो पडला तरी तारांस स्पर्श होणार नाही. तंबूप्रमाणे तीन दिशांस, १२० अंशांच्या अंतराने, तारेचे तणावे बांधावेत. मनोरा जाड तांब्याच्या तारेने जमिनीत पुरलेल्या सळईस जोडावा.

निगा : मृगापूर्वी गंज, सैल पेच व तणाव्यांचा ताण तपासावा. जोडांत पाणी शिरू देऊ नये. गडगडाट होत असता मनोऱ्याजवळ जाऊ नये.

कृति : काठी तीन दोऱ्यांनी उभी करावी. मग एक दोरी कापून काय होते ते मुलांकडून पाहवून घ्यावे.

प्रश्न : तपासणी पावसाळ्यापूर्वीच का करावी?