ग्राफपेपरवरचं भुयार

चंदीगडला आलो तेव्हा पहिला महिनाभर मी सेक्टर 30 मध्येच हरवत होतो. 30-सी मध्ये सीएसआयओ आहे, वैज्ञानिक उपकरणांची सरकारी प्रयोगशाळा, 1962 साली दिल्लीहून इथे आलेली. तिची भिंत डाव्या हाताला ठेवून चालायचं, एवढाच माझा दिशेचा आधार. ल कॉर्बूझिएने हे शहर चौकटीत आखलं, साधारण 800 बाय 1200 मीटरचा एकेक सेक्टर. चौकटीत कोण कशाला हरवेल, असं बाहेरच्याला वाटतं. पण सगळी वळणं सारखीच दिसायला लागली की चकवा लागतोच. शेवटी पाठकोऱ्या कागदावर नकाशा काढला. भुयाराचे गेम कसे खेळायचे हे मला तेव्हा कुठे उमगलं.

'लेजंड ऑफ ग्रिमरॉक' हा 2012 चा गेम. फिनलंडच्या ऑलमोस्ट ह्यूमन या कंपनीचा, आणि ती सुरू केली चार जणांनी. 1987 च्या 'डंजन मास्टर'चा हा वारस: चौघांची टोळी, चौकोनाचौकोनाने पुढे सरकायचं, भिंती, सापळे, राक्षस. कंपनीने पुढे भुयार बांधायचं एडिटरही दिलं आणि चाहत्यांनी आपापली भुयारं बांधून ती फुकट वाटली. खालची कृती त्या चाहत्यांच्या भुयारांसाठी आहे.

साहित्य: विकत घेतलेला मूळ गेम (चाहत्याचं भुयार त्याच्याशिवाय चालत नाही), साधासा लॅपटॉप, माऊस, शाळेचे ग्राफपेपर, पेन्सिल, खोडरबर, चिकटपट्टी आणि तीन-चार मोकळ्या संध्याकाळी. इथल्या जानेवारीत धुक्यापायी बाहेर पडवत नाही, तेव्हा शेवटची वस्तू आपोआप मिळते.

गेम स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतला असेल तर तिथल्या वर्कशॉपमध्ये जाऊन हवं ते भुयार सबस्क्राइब करा, झालं. नाहीतर उतरवलेली फाइल डॉक्युमेंट्समधल्या ऑलमोस्ट ह्यूमन, त्यातल्या लेजंड ऑफ ग्रिमरॉक, त्यातल्या डंजन्स या फोल्डरात टाका. पहिल्यांदा छोटंसं घ्या. 'पंधरा मजले, प्रचंड अवघड' अशी जाहिरात करणारं भुयार नवख्याने घेऊ नये; तसलं भुयार मीही दोनदा अर्धवट सोडलं आहे.

नवा खेळ सुरू करताना 'ओल्ड-स्कूल' नावाचा पर्याय दिसेल. त्यावर खूण करा. त्याने गेममधला आयता नकाशा बंद होतो. आयता नकाशा ठेवलात तर भुयार तुम्ही पार कराल, पण ते तुमच्या डोक्यात राहणार नाही. देवगिरी किल्ल्यातली अंधारी, म्हणजे काळोखी वळणवाट, ज्यांनी चढून पार केली आहे त्यांना हा फरक समजावून सांगायला नको.

टोळी साधी ठेवा. पुढे दोन लढवय्ये, मागे एक चोर आणि एक मांत्रिक. मागच्या रांगेतल्याची तलवार शत्रूपर्यंत पोचत नाही, म्हणून चोराला फेकायची शस्त्रं किंवा धनुष्य द्या.

आता मुख्य काम. ग्रिमरॉकचा एक मजला फार तर 32 बाय 32 चौकोनांचा असतो. 5 मिलिमीटरचा एक चौकोन धरला तर सगळा मजला 16 सेंटिमीटरमध्ये बसतो, म्हणजे ए-फोर पानावर आरामात. तरी सुरुवात पानाच्या मधोमध करा, कारण आपण मजल्याच्या कुठल्या कोपऱ्यात उभे आहोत ते ठाऊक नसतं. रेघ कडेला गेली की दुसरा कागद चिकटवायचा. दार म्हणजे आडवी रेघ, कुलूपबंद दाराला फुली, खड्ड्याला भरीव चौकोन, दाबायच्या फरशीला टिंब. डाव्या हाताची भिंत न सोडता चालत राहा, मात्र तिच्यावर आंधळा विश्वास नको: मध्येच बेटासारखी सुटी भिंत आली की तिच्याभोवती नुसते गोल फिरत राहाल. नकाशावर चहूबाजूंनी वेढलेली कोरी जागा उरली, तर तिथे बहुधा चोरखोली आहे. त्या भिंतीजवळ जा, दगडांत लपलेलं बारकं बटण शोधा.

खड्ड्यात पडलात तर घाबरू नका, उलट हात जोडा. वरच्या खड्ड्याच्या बरोबर खालच्याच चौकोनात आपण उतरतो, त्यामुळे दोन मजले एकमेकांवर बसवता येतात. मी दोन्ही कागद एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावतो. धुक्यातून येणाऱ्या त्या मळकट उजेडातही वरचा काळा चौकोन खालच्या पेन्सिलखुणेवर नेमका बसलेला दिसतो. एकदा तो दोन घरं बाजूला आला. तास गेला, मग कळलं की वरच्या मजल्यावर एक वळण मीच चुकीचं काढलं होतं.

लढाई समोरासमोर उभं राहून करू नका. दोन बाय दोनची मोकळी जागा गाठा. राक्षस समोर आला की वार करून बाजूला सरका. तो तुमच्याकडे वळेपर्यंत पुन्हा वार, पुन्हा सरका. फुगडीसारखं हे फिरणं जमलं की थोराड शत्रूही दमतो. वळायला क्यू आणि ई, सरकायला ए आणि डी, एवढं बोटांत बसवा. जखमी झालात तर निळ्या स्फटिकाशी जा, तो मेलेल्यालाही उठवतो. आणि सेव्ह वेगवेगळ्या नावांनी करा. चाहत्याच्या भुयारात एखादी किल्ली चुकून कायमची हातची जाऊ शकते, तेव्हा जुना सेव्हच वाचवतो.

अडलात तर लगेच यूट्यूब उघडू नका. भुयारात सापडलेल्या चिठ्ठ्या पुन्हा वाचा, आणि एक रात्र मध्ये जाऊ द्या.

भुयार संपलं की बांधणाऱ्याला चार ओळी लिहा: कुठे अडलात, कुठलं कोडं आवडलं, कुठलं दार उघडलंच नाही. त्याने पैसे घेतलेले नसतात, आणि त्याने खणलेल्या खड्ड्यात कोण कसं पडलं हे त्याला तुमच्याशिवाय कोणी सांगणार नाही.