धम्मवर्ग : शिकविणाऱ्याच्या मनातील जात



आपल्या वस्तीतील विहारात रविवारी मुलांचा धम्मवर्ग भरतो. तेथे शिकविणारा कोणी मोठा पंडित नसतो, तो आपल्यापैकीच असतो. कोणी बौद्धाचार्य, कोणी प्राथमिक शिक्षक, कोणी कॉलेजात जाणारी मुलगी. आजचा पाठ मुलांसाठी नाही. तो या शिकविणाऱ्यांसाठी आहे आणि मुलांना वर्गाला पाठविणाऱ्या आईबापांसाठीही आहे.

बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत बसण्यासाठी घरून तरट न्यावे लागे. शाळा झाडणारा नोकर त्या तरटाला शिवत नसे, म्हणून ते रोज घरी परत आणावे लागे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आपण मुलांना हे सांगतो तेव्हा आपला आवाज चढतो. चढलाच पाहिजे! पण त्या शाळेतील मास्तरांना आपण अन्याय करीत आहोत असे वाटत तरी होते काय? बहुतेकांना ती केवळ रीत वाटत असावी. आणि रीत म्हणून जे होते, ते आपल्याही हातून होऊ शकते.

मी स्वतः काही वर्षे असा वर्ग घेतला. मातंग समाजातून नुकतीच दीक्षा घेतलेल्या एका कुटुंबातील बाईंनी मला एकदा विचारले, "गुरुजी, दर रविवारी सतरंज्या आमचाच पोरगा का घालतो?" मी म्हणालो, "तो उत्साही आहे, न सांगता करतो." त्या काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर मात्र मी आठवू लागलो. त्रिशरण-पंचशील सांगण्यासाठी मी कोणाला उभे करीत होतो? ज्यांचे उच्चार 'शुद्ध' त्यांना, म्हणजे नोकरदारांच्या आणि माझ्याच जुन्या जातीच्या मुलांना. त्या मुलाला मी सहा महिन्यांत एकदाही उभे केले नव्हते. तो 'पाणी'ला 'पानी' म्हणे, आणि मी हसत असे.

विनयपिटकातील चुल्लवग्गात दोन कथा आहेत. पहिली उपालीची. मल्लांच्या अनुपिय गावी भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भगु, किम्बिल, देवदत्त हे शाक्यपुत्र प्रव्रज्येसाठी भगवंतांकडे आले. बरोबर त्यांचा न्हावी उपाली होता. उपालीला आधी प्रव्रज्या द्यावी, अशी विनंती शाक्यांनी स्वतः केली; म्हणजे तो संघात ज्येष्ठ होईल, आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा अभिमान उतरेल. हे नीट समजून घ्या. आता आम्ही भिक्खू झालो, अभिमान आपोआप गेला, असे त्यांनी मानले नाही. अभिमान आहे हे कबूल केले आणि तो मोडेल अशी व्यवस्था मागून घेतली. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत महाकश्यपांनी विनयाचे प्रश्न विचारले आणि उत्तरे दिली ती याच उपालीने.

दुसरी कथा दोन ब्राह्मण भिक्खूंची. नाना कुळांचे, नाना जातींचे भिक्खू बुद्धवचन आपापल्या बोलीत बिघडवतात, म्हणून ते छंदात बांधावे, असे त्यांनी सुचविले. भगवंतांनी त्यांना फटकारले आणि आपापल्या बोलीत शिकण्याची अनुज्ञा दिली. निदान बहुतेक आधुनिक अभ्यासक त्या वचनाचा अर्थ असाच घेतात. मग 'पानी'ला हसणारा गुरुजी कोणाच्या बाजूला उभा होता?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये समतेची प्रतिज्ञा आहे. ती आपण मुखाने म्हणतो, पण नजर जुन्या उतरंडीतच फिरत राहते. म्हणून मी एक साधी वही केली. वंदना कोणी सांगितली, प्रश्न कोणाला विचारला, झाडलोट कोणी केली, चहाचे कप मुलींनीच धुतले काय, हे वर्ग सुटताच लिहायचे. महिना संपला की नावे मोजायची. मनाला विचारले तर मन आपलीच बाजू घेते. वही घेत नाही. पहिल्या महिन्याची वही मी कोणाला दाखविली नाही.

आपल्या वर्गातही अशी वही ठेवण्यास सांगा आणि महिन्यातून एकदा ती पाहावयास मागा. ती नसेल, तर त्या बाईंनी विचारले तसे सरळ विचारा.