जपून ठेवलेला कॅमेरा

कॅमेरा वापरून झिजतो त्यापेक्षा कपाटात पडून जास्त खराब होतो. कोकण, मुंबई, गोवा इथला तरी माझा हा पक्का अनुभव आहे. हल्ली कॉलेजातली मुलं माझ्याकडे आजोबांचा नाहीतर मामाचा कॅमेरा घेऊन येतात. 'काका, अगदी नव्यासारखा आहे, फारसा वापरलाच नाही कोणी,' असं कौतुकाने सांगतात, आणि नेमकं हे वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळा येतो. त्यापेक्षा लग्नं-मुंजी करून काळा रंग उडालेला आणि पितळ उघडं पडलेला (इथे अक्षरशः) कॅमेरा मी डोळे मिटून घेईन.

मुलांची हौस मला समजते. फिल्मकडे पुन्हा वळलेल्यांना नवं यंत्र मिळणार तरी कुठून? कॅननने ईओएस-1व्ही 2018 मध्ये बंद केला, निकॉनचा एफ6 2020 मध्ये थांबला. लायकाने 2022 मध्ये एम6 पुन्हा आणला, पण त्याची किंमत ऐकून माणूस गुपचूप फोनवरच फोटो काढतो. 2024 मध्ये पेन्टॅक्सने 'पेन्टॅक्स 17' काढला. तो हाफ-फ्रेम आहे, म्हणजे छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो येतात. बातमी आनंदाची होती, पण एवढ्याने सगळ्यांची गरज भागत नाही. तेव्हा फिल्मवर फोटो काढायचे म्हणजे कुणाच्या तरी कपाटातून निघालेला चाळीस-पन्नास वर्षांचा कॅमेरा, हेच खरं.

आमच्या घरात तो याशिका इलेक्ट्रो 35 होता. मामाने मस्कतहून आणलेला. वडिलांना त्याचं इतकं अप्रूप, की फोटो काढून झाले की मलमलच्या फडक्याने पुसायचे, मग तपकिरी चामडी केसमध्ये, केस प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी स्टीलच्या कपाटात आईच्या शालूंमागे, आणि शेजारी दोन डांबरगोळ्या. कपाट भिंतीला टेकलेलं, भिंत पश्चिमेची, पाऊस चिपळूणचा. पुढे घरात डिजिटल आला आणि याशिका आत तो आतच राहिला. वडील गेल्यावर मी ती पिशवी सोडली, तेव्हा कॅमेरा वरून खरोखर नवा दिसत होता.

लेन्समध्ये मात्र पांढरे बारीक धागे पसरले होते. मागचं दार उघडलं तर कडेचा काळा फोम उन्हात पातळ झालेल्या डांबरासारखा बोटाला चिकटला. सेलच्या खणात हिरवी-पांढरी भुकटी होती. वाइंड लिव्हर ओढल्यावर या कॅमेऱ्यातून एक 'टक्' असा आवाज यायला हवा, तो आला नाही. आतली रबराची छोटीशी गादी विरघळली की तो आवाज जातो आणि एक्स्पोजरचं गणित कोलमडतं. इलेक्ट्रो वापरणारे जगभर या गादीच्या नावाने बोटं मोडतात. कुणीही तो कॅमेरा पाडला नव्हता, भिजवला नव्हता, कुणाला उसना दिला नव्हता. जी जी काळजी घेतली, तिनेच त्याला खाल्लं.

कसं, ते एकेक सांगतो. बुरशीला सत्तर टक्क्यांच्या आसपास आर्द्रता, अंधार आणि स्तब्ध हवा मिळाली की पुरे. पावसाळ्यात किनाऱ्यालगत आर्द्रता दिवसचे दिवस ऐंशीच्या वर असते. चामडं हवेतलं पाणी शोषून धरतं आणि बुरशीला अन्नही पुरवतं, म्हणून चामडी केस हा फंगसचा पाळणाच. प्लॅस्टिकची पिशवी बाहेरचं पाणी अडवते हे खरं, पण जून महिन्यात बांधली तर जूनचीच हवा आत कोंडते. डांबरगोळीची वाफ गार काचेवर जाऊन थर धरते, तेव्हा ती साड्यांपाशीच असू द्या. तांदळाच्या डब्याचा सल्ला देणारेही भेटतील. तांदूळ नावापुरतंच पाणी ओढतो आणि त्याची पिठूळ धूळ कॅमेऱ्याच्या सांध्यांत जाऊन बसते.

उपाय स्वस्त आहे. रबराची कड असलेला हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा हायग्रोमीटर. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये ठेवायचा. त्याहून फार खालीही नको, कारण फार कोरड्या हवेत चामडं तडकतं आणि आतलं वंगण सुकतं. निळं सिलिका जेल पाणी पिऊन गुलाबी होतं, ते मंद ओव्हनमध्ये तापवलं की पुन्हा निळं. मात्र त्या निळ्या रंगात कोबाल्टचं संयुग असतं, तेव्हा जेवणाच्या भांड्यात तापवू नका. घरात लहान मूल असेल तर निळ्याऐवजी नारिंगी घ्या. चार लेन्स आणि दोन बॉडी झाल्या की विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्यावं. त्याची किंमत जास्त वाटते खरी, पण एका चांगल्या लेन्सच्या सफाईचं बिल बघितलं की वाटत नाही.

सूर्यप्रकाश बुरशीला मानवत नाही म्हणून लेन्स उन्हात ठेवायची जुनी पद्धत आहे. सुटी लेन्स थोडा वेळ कोवळ्या उन्हात ठेवायला हरकत नाही, तापू मात्र देऊ नये. पण कॅमेऱ्याला लावलेली लेन्स सूर्याकडे तोंड करून कधीच ठेवू नका. झॉर्की, फेड अशा रशियन रेंजफाइंडरमध्ये लेन्स आणि कापडी शटर यांच्यामध्ये आरसा नसतो. भिंगाने सुकं पान जाळायचा खेळ आपण सगळेच खेळलो आहोत, तोच खेळ इथे शटरच्या कापडाशी होतो. टाचणीएवढं भोक पडतं आणि पुढच्या प्रत्येक फोटोवर एक पांढरा डाग.

आता विकत घेणाऱ्यांसाठी. दुकानदार भला असो वा नसो, खिशात फोन ठेवा आणि त्याचा टॉर्च वापरा. लेन्स सुटी करा, अॅपर्चर पूर्ण उघडा, मागून टॉर्च मारून पुढून तिरपं बघा. धूळ दिसली तर दुर्लक्ष करा, धुळीने फोटोचं काही बिघडत नाही. धागे दिसले तर थांबा. सुरुवातीची बुरशी जाणकार माणूस लेन्स खोलून पुसून देतो. पण बुरशीतून निघणारं आम्ल एकदा काचेवरचं कोटिंग खाऊन गेलं की पुसल्यावरही तिचा नकाशा काचेवर राहतो. एका लेन्सची बुरशी दुसरीला लागते का, यावर कॅमेरेवाले तावातावाने भांडतात. माझं मत असं, की बीजाणू हवेत सगळीकडेच असतात, खरा प्रश्न ओलीचा आहे. तरीसुद्धा बुरशीची लेन्स मी वेगळ्या डब्यात ठेवतो. मत आणि सवय यांचं नेहमी जुळतंच असं नाही.

मग शटर. सगळे लोक एकपाचशेवर खटका दाबून खूश होतात. तुम्ही एक सेकंदावर दाबा. पडून राहिलेल्या कॅमेऱ्याचं वंगण घट्ट होतं आणि ते पहिल्यांदा मंद वेगावर उघडं पडतं, खर्रर्र आवाज मध्येच अडकतो किंवा शटर उघडं राहतं. कॅनन एई-1 हा 1976 चा फार लोकप्रिय कॅमेरा. त्याला खोकला असतो, म्हणजे खटका दाबल्यावर 'खुईं' असा कोरडा आवाज येतो. आतल्या गिअरला तेल हवं असतं, बाकी काही नाही. दुरुस्त होतो, पण तो खर्च घासाघीस करताना किमतीतून वजा करून घ्या. फोम कुजलेला असेल तरी घाबरू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो निघतो आणि नवा लावता येतो. फक्त त्याचे तुकडे शटरच्या पडद्यावर पडू देऊ नका.

सेलचा मामला जरा नाजूक आहे. साठ-सत्तरच्या दशकांतल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचे मीटर 1.35 व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर जुळवलेले होते. पारा विषारी, ते सेल बंद झाले. आज त्याच आकाराचा अल्कलाइन सेल मिळतो तो 1.5 व्होल्टचा. कॅनोनेटसारख्या कॅमेऱ्यात तो घातला की मीटरला प्रकाश आहे त्याहून जास्त वाटतो, फोटो काळपट येतात आणि बिचारी लॅब शिव्या खाते. यावर तोडगा आहे श्रवणयंत्राचा 675 नंबरचा झिंक-एअर सेल. तो सुमारे 1.4 व्होल्ट देतो आणि शेवटपर्यंत जवळपास तेवढाच देत राहतो. त्याला बसवायला एक छोटी कडी लागते. वरचा कागद काढला, हवा लागली, की काही महिन्यांत संपतो, इतकंच. याशिका इलेक्ट्रो मुळात 5.6 व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचा, पण अॅडॉप्टर लावून 6 व्होल्ट दिले तरी तो कुरकुर करत नाही. सेल कुठलाही असो, महिनाभर कॅमेरा उघडायचा नसेल तर बाहेर काढून ठेवा.

एवढं सगळं वाचून कुणाला वाटेल की नसती ब्याद गळ्यात घेतली. त्याने अॅग्फा क्लिक थ्री शोधावा. आपल्याकडेच, बडोद्याला बनायचा. पत्र्याचा डबा, साधं एकच भिंग, मीटर नाही, सेल नाही. ऊन आणि ढग अशा चित्रांवर काटा फिरवला की झालं. 120 चा रोल आजही बनतो, त्यावर बारा चौकोनी फोटो येतात. बिघडायला आत काही ठेवलेलंच नाही, म्हणून माळ्यावरून काढून झटकला की चालू होतो. महागड्या जपानी कॅमेऱ्यांची प्रेतं टेबलावर असताना मी या डब्याने काढलेले फोटो लोकांना दाखवतो.

डिजिटलवाल्यांनी हसू नये. 2005 च्या आसपासचे छोटे डिजिटल कॅमेरे आता मुलांमध्ये पुन्हा फॅशनमध्ये आले आहेत आणि तेही कपाटांतूनच निघतायत. लिथियम बॅटरी पूर्ण रिकामी ठेवली की मरते, पूर्ण भरून ठेवली की लवकर म्हातारी होते. साधारण निम्मी भरून, कॅमेऱ्याबाहेर ठेवावी. फुगलेली बॅटरी खणातून स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये, आग लागू शकते. घेण्याआधी कार्ड कुठलं लागतं ते बघा. ऑलिम्पस आणि फुजीच्या काही कॅमेऱ्यांना एक्सडी कार्ड लागायचं, ते आता कुणी बनवत नाही.

आणि फोटोंचं काय? लॅबने तेव्हा भरून दिलेल्या सीड्यांवरचा रंगद्रव्याचा थर उडत चाललाय. वर्षानुवर्षं वीज न मिळालेला पेनड्राइव्ह आतला मजकूर विसरू लागतो, आणि ड्रॉवरमध्ये झोपलेली हार्डडिस्क उठेलच याची हमी नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी, हा संगणकवाल्यांचा नियम मी मुकाट पाळतो. निगेटिव्हच्या पाकिटाला व्हिनेगरचा वास येत असेल तर तिचा अॅसिटेटचा पाया कुजू लागलाय असं समजा. ती आधी स्कॅन करा, बाकीच्यांपासून दूर ठेवा. वितळल्यासारखी चिकटणारी पीव्हीसीची पाकिटं टाकून पॉलिप्रॉपिलीनची आणा.

हे सगळं करायचं कधी, तर माझा दिवस खंडेनवमी. पाऊस सरत आलेला असतो आणि त्या दिवशी स्टुडिओवाले कॅमेरे मांडून पूजा करतात, तशी मीही करतो. हळदकुंकू बॉडीला, तेही बोटभर, लेन्सची टोपी आणि माउंटचं झाकण लावून. फुलं वरून वाहतो, पाणी शिंपडत नाही. पूजा आटोपली की सगळी शटरं सगळ्या वेगांवर दहा-दहा वेळा उडवायची, फोकसची रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची, टॉर्च मारायचा, जेल बदलायचं, हार्डडिस्क जोडून दोन-चार जुने फोटो उघडून बघायचे. एका कॅमेऱ्यात रोल भरायचा आणि दिवाळीत तो संपवायचा. रोल फ्रीजमध्ये असेल तर डबी न उघडता आदल्या रात्री बाहेर काढा, नाहीतर गार फिल्मवर दव धरतं. संपलेला रोल लगेच धुवायला टाका. मी गेल्या वर्षी दुरुस्त करून दिलेल्या एका कॅमेऱ्यात एकविसाव्या फोटोवर थांबलेला रोल अजून तसाच आहे, आणि मालक म्हणतो, 'काका, काहीतरी खास प्रसंग आला की संपवीन.'