सायकल आपल्या मापाची कशी करावी ?

वाढत्या वयाच्या मुलासाठीं कपडे शिवावयास टाकतांना आपण शिंप्याला सांगतों, "जरा वाढत्या अंगाचे शिवा." सदरा वर्षभर ढगळ दिसला तरी बिघडत नाहीं, उलट चार पैसे वाचतात. हाच विचार पुष्कळ घरीं सायकल विकत घेतांनाही केला जातो. "आतां मोठीच घेऊं, म्हणजे कॉलेजांत जाईपर्यंत पुरेल," असें म्हणून सातवींतल्या मुलाच्या हातीं प्रौढ माणसाची सायकल दिली जाते. परंतु सदरा व सायकल यांत मोठा भेद आहे. ढगळ सदऱ्यामुळें कोणी रस्त्यांत पडत नाहीं. मोठ्या सायकलीवर बसलेल्या मुलाचे पाय चौकांत थांबतांना जमिनीला पोंचत नाहींत, बोटें ब्रेकच्या मुठीला पुरत नाहींत, आणि प्रत्येक फेऱ्यास कंबर डावीउजवीकडे झुकवून त्याला पेडल शोधावें लागतें. असा मुलगा सायकल चालवीत नाहीं. सायकलच त्याला चालविते.

सायकल वाढत्या अंगाची घेतां येत नाहीं. ती आजच्या अंगाची घ्यावी लागते, आणि अंग वाढेल तशी तिची बैठक व हँडल वर चढवावीं लागतात. हें पालकांच्या ध्यानांत यावें, आणि रोज सायकलीवरून शाळेंत येणाऱ्या विद्यार्थ्यांस आपलें वाहन स्वतः जुळवून घेतां यावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे. त्यासाठीं दोन पाने, एक पंप व थोडेंसें तेल यांवांचून फारसें साहित्य लागत नाहीं.

स्वाराच्या अंगाचा व सायकलीचा संबंध मूळचाच आहे. इ. स. १८१७ मध्यें जर्मनींतील कार्ल द्राइस यानें दोन चाकांची लांकडी गाडी केली. तिला पेडल नव्हतें. बसून पायांनीं जमीन रेटीत जावें लागे. पुढें पेडल पुढच्या चाकालाच बसविण्यांत आलें. तेव्हां वेग वाढवावयाचा म्हणजे चाकच मोठें करावें लागे, आणि तें किती मोठें असावें हें स्वाराच्या पायांच्या लांबीवरून ठरे. पुढचें चाक छातीएवढें उंच व मागचें चिमुकलें, असें तें वाहन मोठें धोक्याचें होतें. १८८५ सालीं इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें जॉन केंप स्टार्ली यानें साखळीच्या योगानें मागचें चाक फिरविणारी 'रोव्हर' सायकल तयार केली, आणि चाकाचा आकार पायांच्या लांबीपासून मोकळा झाला. १८८८ सालीं बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलप यानें हवा भरलेल्या टायरचें पेटंट घेतलें. ही युक्ति त्यानें प्रथम आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं योजिली होती. त्याच १८८८ सालीं बेळगांवांत किर्लोस्कर बंधूंनीं सायकलींचें दुकान घातलें, आणि मराठी माणसाच्या एका मोठ्या कारखानदारीचा उगम त्यांतून झाला. आपल्या दाराशीं उभी असलेली सायकल रचनेनें त्या 'रोव्हर'चीच वंशज आहे. आतां ती आपल्या अंगाजोगी कशी करावी तें क्रमानें पाहूं.

१. सांगाड्याचें माप. — रोजच्या वापरांतील चपला किंवा बूट घालून, सायकल दोन पायांमध्यें घेऊन सपाट जमिनीवर उभें राहावें. दोन्ही टांचा टेकल्या असतां वरची दांडी व आपली जांघ यांमध्यें एक ते दोन इंच जागा मोकळी राहिली पाहिजे. ती राहत नसेल तर सायकल मोठी आहे, आणि त्याला दुसरा इलाज नाहीं; बैठक कितीही खालीं केली तरी दांडी खालीं येत नाहीं. दुकानांत सांगितलेला आंकडा कधीं चाकाचा असतो, कधीं सांगाड्याचा. म्हणून आंकड्यावर न विसंबतां उभें राहूनच पाहावें. दांडी नसलेली सायकल मुलींची म्हणून ओळखली जाते. परंतु लहान चणीच्या मुलानें ती वापरण्यांत कमीपणा कसला? साडी नेसणाऱ्या आईस व ठेंगण्या मुलास एकच सायकल चालूं शकते, हें घरखर्चाच्या दृष्टीनेंही विचार करण्याजोगें आहे.

२. बैठक. — पेडल अगदीं खालीं आणून त्यावर टांच ठेवावी. पाय गुडघ्यांत सरळ व्हावा, पण कंबर झुकतां कामा नये. सायकल चालवितांना आपण पेडलवर टांच न ठेवतां चवडा ठेवतों. त्यामुळें गुडघ्यास आपोआप किंचित् वांक राहतो. हाच वांक आपणांस हवा आहे. बैठक फार खालीं असली तर गुडघा प्रत्येक फेऱ्यास नको इतका दुमडतो व वाटीच्या पुढच्या बाजूस दुखूं लागतो; फार वर असली तर गुडघ्यामागच्या शिरा ताणतात. चूक दोन बोटांची असते, पण तिची आवृत्ति रोज शेंकडों वेळां होते.

नवशिक्यानें मात्र आरंभीं बैठक इतकी खालीं ठेवावी कीं दोन्ही चवडे जमिनीवर नीट टेकावे. तोल साधला कीं ती थोडी थोडी वर घ्यावी. बैठकीच्या नळीवर एक शेवटची खूण असते. ती सांगाड्याच्या बाहेर कधींही दिसूं देऊं नये. खूण पुसली असेल तर निदान अडीच इंच नळी आंत राहील असें पाहावें. त्याहून कमी राहिल्यास नळी वांकण्याचा किंवा मोडण्याचा संभव असतो. बैठक फार पुढें किंवा मागें कललेली नसावी.

३. हँडल. — शर्यतींत भाग घेणारे लोक वाऱ्याचा अडथळा टाळण्यासाठीं वांकून बसतात. शाळेला जाणाऱ्यास वाऱ्यापेक्षां रस्त्याकडे अधिक लक्ष द्यावयाचें असतें. म्हणून मुठी बैठकीच्या बरोबरीनें किंवा दोन बोटें उंच असाव्यात. पाठ किंचित् पुढें, कोंपरें सैल आणि नजर समोर राहावी. साध्या सायकलीच्या हँडलच्या मधोमध एक उभा बोल्ट असतो. तो दोनतीन आटे सैल करून त्यावर लांकडाचा तुकडा ठेवावा व हातोडीनें हलकेंच ठोकावें, म्हणजे आंतली पाचर सुटते. उंची ठरल्यावर हँडल पुढच्या चाकाशीं काटकोनांत धरून बोल्ट आंवळावा. नंतर चाक गुडघ्यांमध्यें दाबून धरावें व हँडल पिळून पाहावें. तें हललें तर काम अपुरें आहे. हँडलच्या नळीलाही शेवटची खूण असते, ती येथेंही पाळावी. सळईचे ब्रेक असल्यास हें काम कारागिराकडूनच करवावें, कारण हँडलबरोबर ब्रेकही पुन्हां जुळवावे लागतात.

४. ब्रेक. — ब्रेकचें रबर रिमपासून सुमारें तीन मिलिमीटर दूर असावें व दाबल्यावर तें रिमलाच लागावें. टायरला घांसल्यास टायर फाटतो. मूठ अर्धी दाबतांच चाक अडलें पाहिजे. ती हँडलला टेकेपर्यंत दाबावी लागत असेल तर तार सैल झाली आहे.

थांबतांना आपल्या देहाचा भार पुढें ढकलला जातो. त्यामुळें पुढच्या चाकाचा जमिनीवरील दाब वाढतो व मागच्याचा कमी होतो. म्हणून पुढचा ब्रेक अधिक परिणामकारक असतो. पण तो एकदम आंवळल्यास मागचें चाक उचलतें, आणि मागचा एकटाच आंवळल्यास चाक घसरत जातें. सबब दोन्ही ब्रेक मिळून, क्रमाक्रमानें जोर वाढवीत दाबावे. पावसाळ्यांत पोलादी रिम भिजली म्हणजे थांबण्यास कोरड्या दिवसाच्या कित्येक पट अंतर लागतें. अशा वेळीं चौक येण्यापूर्वींच ब्रेक हलके हलके दाबून रिम पुसून घ्यावी.

५. हवा. — मऊ टायर सायकलीला मागें ओढतो, आणि खड्ड्यांत आपटल्यावर ट्यूब रिम व दगड यांच्यामध्यें चिमटून पंक्चर होते. किती दाबाची हवा भरावी हें बहुधा टायरच्या कडेवर छापलेलें असतें. मागच्या चाकावर भार अधिक असतो, म्हणून त्याकडे विशेष लक्ष द्यावें. रोज निघण्यापूर्वीं दोन्ही टायर अंगठ्यानें दाबून पाहण्याची संवय ठेवली तर पंक्चरवाल्याचे निम्मे पैसे वांचतील.

६. दाते व चढ. — आतां थोडें गणित करूं. २८ इंच व्यासाच्या चाकाचा परीघ २८ × २२ ÷ ७, म्हणजे ८८ इंच होतो. पेडलजवळच्या मोठ्या चक्रास ४४ दाते व मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते आहेत असें धरूं. पेडलचा एक फेरा झाला कीं मागचें चाक ४४ ÷ १८, म्हणजे जवळजवळ २.४४ वेळां फिरतें, आणि सायकल सुमारें १८ फूट पुढें जाते. या हिशोबानें एका किलोमीटरला पेडलचे सुमारें १८३ फेरे होतात. पांच किलोमीटरवरून येणाऱ्या विद्यार्थ्याचा गुडघा एका खेपेस नऊशेंहून अधिक वेळां दुमडतो. बैठकीविषयीं वर इतका आग्रह कां धरला, तें आतां कळेल.

समजा, आपल्या वाटेवर मोठा चढ आहे. फ्रीव्हील १८ ऐवजीं २० दात्यांचें बसविलें तर एका फेऱ्यांत सायकल सुमारें १६ फूटच जाईल व किलोमीटरला २०३ फेरे लागतील. पण प्रत्येक फेऱ्यास लागणारा जोर एकदशांशानें कमी होईल. म्हणजे वीस फेरे अधिक देऊन आपण हलकेपणा विकत घेतला. फुकट कांहींच मिळालें नाहीं. एकंदर श्रम तेवढेच राहिले, फक्त ते पायांना झेपतील असे वांटले गेले. सपाट गांवांत १८ दाते सोईचे. कोंकणांतल्या घाटीच्या वाटेवर २० किंवा २२ बरे. फ्रीव्हील बदलल्यास साखळीची लांबी पाहून घ्यावी. ती मधोमध बोटानें दाबली असतां सुमारें अर्धा इंच हलावी, अधिक नको.

७. ओझें. — दप्तर हँडलला अडकविण्याची चाल सर्वथैव वाईट. तें झोंके खातें व वळतांना हँडल ओढतें. पाठीवरचें दप्तर घाम आणतें आणि भार उंच नेतें. सर्वांत बरें स्थान म्हणजे मागचा कॅरिअर. ओझें जितकें खालीं तितका तोल स्थिर. दोन दुपट्टी पिशव्या कॅरिअरच्या दोन्ही अंगांस सारख्या वजनाच्या सोडल्या तर फारच उत्तम. कोणताही बंद किंवा दोरी लोंबकळत ठेवूं नये, ती तारांत अडकते. साडी किंवा ओढणी वापरणाऱ्यांनीं मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस जाळी व साखळीवर झांकण अवश्य बसवावें.

८. दिवा व पाऊस. — शिकवणीहून परततांना हिवाळ्यांत अंधार पडतो. पुढें पांढरा दिवा आणि मागें लाल दिवा व रिफ्लेक्टर असावा. दिवा आपणांस दिसण्यासाठीं जितका, तितकाच दुसऱ्यास आपण दिसावें यासाठीं आहे. डायनामोचा दिवा चाकाबरोबर पेटतो व चाकाबरोबर विझतो. चौकांत थांबल्यावर मागून येणाऱ्यास आपण दिसत नाहीं, म्हणून रिफ्लेक्टर सोडूं नये. डोक्यास हेल्मेट असावें. पावसाळ्यांत भिजलेली साखळी घरीं येतांच पुसावी व तिला यंत्राच्या तेलाचे थेंब द्यावे. खाण्याचें तेल कालांतरानें चिकटून धूळ धरतें. तेल साखळीला द्यावें, रिमला चुकूनही लागूं देऊं नये.

इतकें झाल्यावर रोजचें काम अगदीं थोडें उरतें : हवा, ब्रेक, साखळी, दिवा. हे चार शब्द पाठ करावे व दाराबाहेर पडण्यापूर्वीं एकदां हात फिरवून पाहावा. त्याला एक मिनिटही लागत नाहीं. दर सहा महिन्यांनीं, भिंतीवर मुलाची उंची मोजतां त्याच दिवशीं, बैठक व हँडल यांची उंचीही पाहावी.

शेवटीं पालकांस एक विनंति. बिहार राज्यानें २००६ सालीं नववींतल्या मुलींस सायकलीसाठीं साहाय्य देण्याची योजना काढली. तिच्यामुळें हायस्कुलांत नांव घालणाऱ्या मुलींची संख्या वाढली, आणि शाळा दूर असलेल्या गांवांत ती विशेष वाढली, असें अभ्यासकांस आढळून आलें. शाळेचें अंतर सायकलीनें इतकें कमी होऊं शकतें. परंतु ज्या सायकलीची मुलाला धास्ती वाटते, ती दोन महिन्यांत पडवींत उभी राहते, आणि शाळा पुन्हां दूर जाते. सायकल नवी येवो, मोठ्या भावाकडून उतरून येवो किंवा शासनाकडून मिळो, ती ज्या दिवशीं घरांत येईल त्या दिवशीं अर्धा तास काढून मुलाला तिच्यावर बसवावें व पाना हातीं घ्यावा. आणि विद्यार्थ्यांनो, तो पाना थोड्याच दिवसांत वडिलांच्या हातांतून आपल्या हातांत घ्या. आपल्या वाहनाची काळजी स्वतः घेणाऱ्यास रस्त्यांत मदतीसाठीं इकडेतिकडे पाहावें लागत नाहीं.